पुंगळी, खांदा आणि चार थाऊ : एका कामाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२४, सातारा

पुतण्या दिवाळीसाठी आला. टेक्सासला असतो. तिकडं त्याला रायफल शूटिंगचा छंद लागलाय आणि झाडलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी) पुन्हा भरून वापरणं तिथं कायदेशीर आहे, घरोघरी लोक करतात. रायफल एआर-१० जातीची, सेमी-ऑटो (एक झाडली की पुढची आपोआप चढते), काडतूस .३०८ विंचेस्टर. जेवण होईपर्यंत गप्प होता, मग हात धुता धुता म्हणाला, "काका, शंभर भरल्या की सहा-सात चेंबरमध्ये पूर्ण बसत नाहीत. बोल्ट थोडा आधीच अडकतो."

मी फौजेत बावीस वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, होतो, त्यातली बरीचशी इशापूरच्या १ए१ एसएलआर रायफलींवर गेली. गोळी तीच म्हणायची, ७.६२ बाय ५१. आपल्याकडं पुंगळी परत भरायची पद्धत नाही, पण पुंगळी, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा) यांचं एकमेकांशी नातं काय, हे मला रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्याला म्हटलं, वही घेऊन बस. ही वही तीच.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाकली. इकडं एकही पुंगळी आणायची नाही, नमुन्यालासुद्धा नाही. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात राहिलेल्या एका रिकाम्या पुंगळीपायी लोक पोलीस ठाण्यात बसलेत. पुंगळ्या तिकडंच राहतील, मोजमाप तो करील, डोकं मी लावीन.

२८ ऑक्टोबर

सकाळी गच्चीवर अजिंक्यताऱ्याकडं तोंड करून बसलो आणि त्याच्याकडून सगळी पद्धत वदवून घेतली. झाडलेली पुंगळी फुगलेली असते, ती साइझिंग डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून मूळ मापावर आणायची, मग कॅप (बुडातली, पिन आपटली की पेटणारी टोपी), दारू, गोळी. डाय कशी लावतोस विचारलं, तर म्हणाला, शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत खाली घ्यायची आणि लॉकनट आवळायचा, डबीतल्या कागदावर तसंच लिहिलंय.

"आणि मग पुंगळी मोजतोस?"

"गेजमध्ये टाकून बघतो. बसली की बसली."

इथंच मेख आहे असं मला वाटलं. बोल्ट-अॅक्शन रायफलीत हाताच्या दांड्याला जोर असतो, पुंगळी दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठी असली तरी माणूस ती दाबून बसवतो. सेमी-ऑटोत बोल्टला पुढं ढकलतं ते फक्त स्प्रिंग. बोल्ट धावत येतो, मॅगझिनमधून काडतूस उचलतो, चेंबरात सारतो आणि शेवटच्या टप्प्यात फिरून त्याचे दाते कुलूप लावतात. या शेवटच्या टप्प्यात पुंगळीनं जरा जरी अंग धरलं की स्प्रिंगची ताकद संपते. म्हणून सेमी-ऑटोसाठी नुसती मान (गोळी धरणारा तोंडाकडचा अरुंद भाग) साइझ करून चालत नाही. पूर्ण अंग साइझ करायचं आणि खांदा (मान आणि अंग यांच्यामधला उतार) ठरवून मागं ढकलायचा. बोल्ट-अॅक्शनला एक-दोन थाऊ मागं पुरतो, सेमी-ऑटोला तीन-चार लागतात. (एक थाऊ म्हणजे पंचवीस मायक्रॉन. एमआयडीसीत आजही हीच भाषा चालते.)

पण मागं म्हणजे किती मागं, हे गेजमध्ये टाकून कळत नाही. त्याला आकडा पाहिजे.

.३०८ चा हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढं पुंगळीला मिळणारी लांबी, बुडापासून खांद्यावरच्या एका ठरलेल्या व्यासापर्यंत मोजतात. तो व्यास ०.४०० इंच, म्हणजे १०.१६ मिलिमीटर. अमेरिकेच्या सामी मानकात गो गेज (ज्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) १.६३० इंचाचा, नो-गो (ज्यावर बंद होता कामा नये) १.६३४ चा. सगळा खेळ या चार थाऊंच्या आसपासचा. कागदाची जाडीच साधारण तेवढी असते.

खांद्यावर तो व्यास गाठायला १०.१६ बोअरची एक साधी रिंग पुरेल. रिंग खांद्यावर टेकवायची, कॅलिपरच्या जबड्यात बूड आणि रिंग एकत्र धरायची, झालं. तिकडं असली साधनं विकत मिळतात, पण इथं दोन दिवसांत करून देतो म्हटलं. हातचं काम द्यावंसं वाटलं, दुसरं काय.

२९ ऑक्टोबर

सातारा एमआयडीसीत एका जुन्या दोस्ताचं वर्कशॉप आहे. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत गाठलं. ईएन-८ पोलादाचा तुकडा, बाहेरून २० मिलिमीटर, लांबी १२.७०. लांबी एवढीच का, तर खांद्यावरच्या त्या व्यासापासून पुंगळीच्या तोंडापर्यंत साधारण ९.८ मिलिमीटर अंतर येतं. रिंग त्याहून लांब हवी, नाहीतर कॅलिपरचा जबडा रिंगला टेकायच्या आत तोंडालाच टेकेल. भरलेलं काडतूस मात्र यानं मोजता येणार नाही, गोळी आडवी येईल. रिकाम्या पुंगळ्यांपुरतंच हे.

लेथवरच्या पोरानं दहाचा ड्रिल मारला, मग बोअरिंग टूलनं हळूहळू १०.१६ वर आणला. दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये फेस होत नव्हत्या म्हणून मँड्रेलवर चढवून दुसरी बाजू घेतली. स्लिप गेज लावून लांबी तपासली, १२.७० भरली.

बोअरचं माप चुकलं तर किती फरक पडेल, हे बसल्या बसल्या काढलं. खांद्याचा उतार अक्षाशी २० अंश. व्यास एक थाऊनं मोठा झाला तर रिंग साधारण १.४ थाऊ बुडाकडं सरकते. म्हणजे बोअरमध्ये दोन शतांश मिलिमीटरची चूक झाली तर लांबीत एक थाऊहून जास्त. पोराला हे सांगितलं, तर त्यानं टूलला पुन्हा धार लावून शेवटचा कट घेतला. असलं पोरगं वर्कशॉपात असणं हे मालकाचं नशीब.

४ नोव्हेंबर

भाऊबीज झाली, पुतण्या आज पहाटे निघाला. रिंग रुमालात गुंडाळून सुटकेसमध्ये दिली, सोबत कंदी पेढे.

१० नोव्हेंबर

पहिले आकडे व्हॉट्सअॅपवर आले. आधी झाडलेल्या, साइझ न केलेल्या वीस पुंगळ्या मोजायला सांगितल्या होत्या. कॅलिपरच्या जबड्यात रिंग एकटी धरून शून्य करायचं, मग पुंगळीसकट मोजायचं. आकडे १.६२४ पासून १.६३० पर्यंत पसरलेले. एकाच चेंबरमधून आलेल्या पुंगळ्यांत सहा थाऊंचा फरक? पटेना.

फोटो मागवला. बुडात झाडलेली कॅप तशीच. कॅप बुडाच्या पातळीपेक्षा जरा वर आलेली असते, कुठं एक थाऊ, कुठं चार. कॅलिपर कॅपवर टेकत होता. सगळ्या कॅप आधी काढ आणि परत मोज, असं कळवलं.

१७ नोव्हेंबर

कॅप काढल्यावर वीसही पुंगळ्या १.६२४ ते १.६२६ मध्ये आल्या. असं पाहिजे. मग साइझ केलेल्या मोजल्या. बहुतेक १.६२१ च्या आसपास.

हा आकडा बघून मला घाम फुटला. गो गेज १.६३० चा आणि पुंगळी १.६२१? नऊ थाऊ छोटी? एवढी छोटी पुंगळी झाडली की तिचं बूड बोल्टकडं मागं ढकललं जातं, पुढचं अंग चेंबरच्या भिंतीला चिकटून राहतं आणि ताण येतो तो बुडाच्या वर, जिथं जाड पितळ संपून पातळ भिंत सुरू होते तिथं. दोन-चार वेळा असं झालं की तिथूनच तुटते.

मी ते पाहिलंय. एका फायरिंगला एसएलआरमध्ये पुंगळीचं बूड बाहेर आलं आणि पुढची नळी चेंबरातच राहिली. पुढचं काडतूस तिच्यात घुसून बसलं. जवान घाबरला नाही, रायफल खाली धरून हात वर केला. आर्मररच्या पेटीत तुटलेली पुंगळी काढायचं हत्यार असतंच. ते आत सारलं, कॉकिंग हँडल ओढला, नळी बाहेर आली. हातात घेऊन बघितली तर तुटलेल्या कडेला करवतीनं कापल्यासारखी सरळ रेघ. ती अजून डोळ्यांपुढं आहे.

पुतण्याला रात्री फोन केला, काम बंद ठेव, एकही भरू नकोस. तो म्हणाला, "पण काका, त्या अडकतात म्हणून तर आपण सुरू केलं. छोट्या असत्या तर अडकल्या कशाला असत्या?"

बरोबर बोलला. लहान पुंगळी खांद्यावर अडकत नाही. म्हणजे कुठलातरी आकडा खोटा होता.

१८ नोव्हेंबर

आज संध्याकाळी निवडणुकीच्या प्रचाराचे भोंगे बंद झाले आणि पेठेत शांतता पसरली. त्या शांततेत टेबलावर कागद घेऊन रिंगचं चित्र मोठं काढलं, दहापट. बोअरची कड काढताना पेन थांबलं. त्या दिवशी मी पोराला सवयीनं म्हटलं होतं, "बर काढ रे, हाताला लागेल." (बर म्हणजे कापल्यावर कडेला राहणारी धारदार किनार.) त्यानं कडेला ४५ अंशांत दोन दशांश मिलिमीटरचा चॅम्फर मारला होता, म्हणजे कड तिरकी कापली होती. चांगल्या टर्नरची ती सवयच असते. पण या रिंगला कड धारदारच हवी होती.

मला आधी वाटलं, चॅम्फर म्हणजे बोअर मोठा झाल्यासारखं, तेव्हा खांदा चॅम्फरच्या बाहेरच्या कडेला टेकत असणार. चित्रात पट्टी ठेवून बघितल्यावर उलगडलं. खांद्याचा उतार २० अंशांचा आणि चॅम्फर ४५ चा, त्यामुळं खांदा बाहेरच्या कडेला शिवतच नाही. तो टेकतो चॅम्फरच्या आतल्या कडेलाच, म्हणजे बरोबर १०.१६ वर. व्यास ठीक होता. पण ती कड रिंगच्या तोंडापासून दोन दशांश आत गेली होती. रिंग आम्ही १२.७० धरून शून्य केली आणि कामाला मात्र १२.५० च येत होती. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे आठ थाऊ. आमचा प्रत्येक आकडा आठ थाऊ कमी होता.

पुतण्याकडं गो गेज आहे. फोन करून त्याला तोच रिंगमध्ये घालून मोजायला सांगितला. १.६३० चा घासलेला पोलादी गेज आमच्या रिंगमध्ये १.६२२ दाखवत होता.

बरोबर आठ. त्या रात्री नीट झोप लागली.

आता पुढच्या सगळ्या आकड्यांत आठ मिळवून लिहितो. झाडलेल्या १.६३२ ते १.६३४. साइझ केलेल्या बहुतेक १.६२९. म्हणजे त्याची डाय फारशी वाईट काम करत नव्हती. मग त्या सात का अडकतात?

२४ नोव्हेंबर

आज अडकलेल्या सात एकेक करून बघितल्या. त्यानं त्या गोळ्या ओढून काढून आणि दारू ओतून रिकाम्या केल्या होत्या. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, अडकलेलं भरलेलं काडतूस असेल तर बोल्ट ठोकून पुढं लावायचा प्रयत्न करायचा नाही, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून मागंच काढायचं. दामटून बंद केलेला बोल्ट अर्धवट कुलूपबंद असेल तर हात, डोळा, काहीही जाऊ शकतं.

साती पुंगळ्यांना काळ्या मार्करनं रंगवायला लावलं, मग पुन्हा चेंबरात हलकेच घालून बाहेर. जिथं घासेल तिथली शाई जाईल. फोटो बघितले. दोन पुंगळ्यांच्या खांद्यावर शाई गोल निघालेली. बाकी पाचांचा खांदा काळाकुट्ट, पण बुडाच्या जरा वर, चारी बाजूंनी पितळेचा चकचकीत पट्टा.

म्हणजे आजार दोन. सगळे मिळून एकच समजत होतो.

आधी त्या पाच. बुडापासून ०.२०० इंचावर, म्हणजे साधारण पाच मिलिमीटर वर, मायक्रोमीटर लावला. चांगल्या बसणाऱ्या पुंगळ्या ०.४६९० ते ०.४६९५. या पाच ०.४७१२ ते ०.४७१६. त्या मापाची कमाल मर्यादा ०.४७०९. बुडाचा शिक्का वेगळा. कुठल्या आहेत विचारलं, तर रेंजवर जमिनीवर पडलेल्या उचललेल्या. कुणाच्या रायफलीत झाडल्या, देवाला ठाऊक. मिलिटरी बनावटीची चेंबर सैल असतात, त्यात पुंगळी जास्त फुगते, आणि तिथलं जाड पितळ एकदा फुगलं की डायमधून निघाल्यावर पुन्हा थोडं मागं फुगतं. साधी डाय तिथवर पुरेशी आवळत नाही. याला स्मॉल-बेस डाय म्हणून वेगळी मिळते, बुडाकडं ती थाऊ-दीड थाऊ जास्त आवळते. प्रत्येकाला ती लागतेच असं नाही. स्वतःच्या रायफलीत झाडलेल्या पुंगळ्यांना बहुधा लागत नाही. उचललेल्यांना घ्यावी, असं माझं मत.

आता उरलेल्या दोन. खांद्याचा आकडा १.६३५. एकाच डायमधून बाकीच्या १.६२९ आणि या सहा थाऊ लांब कशा? फोन चालूच होता, तो बोलता बोलता एक पुंगळी साइझ करत होता. दांडा वर जाताना फोनमधून एक आवाज आला, कोरड्या बोअरमधून प्लग गेज ओढल्यावर येतो तसा, चिरकलेला.

"थांब. तो आवाज कसला?"

"कधीकधी येतो काका."

"त्या पुंगळीला वेगळी ठेव आणि मोज."

१.६३४. डायच्या मधोमध एक गोळा असतो, दांडा परत वर जाताना तो मानेतून ओढला जातो आणि मान आतून मापात आणतो. मानेत आतून वंगण नसेल तर तो गोळा मान धरून ओढतो आणि मानेबरोबर खांदाही पुढं येतो. डायनं खांदा मागं ढकलला आणि गोळ्यानं परत पुढं आणून ठेवला. तो लॅनोलिन आणि अल्कोहोलचं मिश्रण फवारतो, पण पुंगळ्या आडव्या पसरून, त्यामुळं बाहेरून सगळीकडं लागतं आणि मानेत कुठं लागतं कुठं नाही. शिवाय अल्कोहोल उडायच्या आत साइझिंग सुरू.

उपाय साधा. पुंगळ्या उभ्या करून तिरकं फवारायचं म्हणजे तोंडातून आत जाईल, दहा मिनिटं थांबायचं, आणि मानेतून नायलॉनचा ब्रश एकदा फिरवायचा. जास्तही नको, वंगण खांद्यात साचलं तर पितळेला खड्डे पडतात. आणि साइझ झाल्यावर सगळं पुसायचं, कारण तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर येतो.

३० नोव्हेंबर

आता खांदा नक्की किती मागं न्यायचा. माझा पहिला हिशोब असा होता की झाडलेली १.६३३ म्हणजे चेंबर १.६३३, त्यातून चार वजा. पण गॅसवर चालणाऱ्या रायफलीत हे फसवं आहे. नळीत दाब थोडा शिल्लक असतानाच बोल्ट उघडायला लागतो, आणि पुंगळी ओढली जाताना ताणली जाते. झाडलेली पुंगळी चेंबरपेक्षा लांब निघू शकते.

म्हणून त्याला बोल्टमधला एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी धरून ओढणारा आकडा) आणि इजेक्टर (ती बाहेर फेकणारा) काढायला लावले. दोन्हींच्या स्प्रिंगा गेल्या की बोल्ट मोकळा होतो आणि पुंगळीचा स्पर्श बोटांना कळतो. मग वेगवेगळ्या लांबीच्या रिकाम्या, कॅप नसलेल्या पुंगळ्या घालून बोल्ट नुसत्या वजनानं खाली येऊ द्यायचा. १.६३२ ला अडला. १.६३१ ला जरा धरून बसला. १.६३० ला स्वतःच्या वजनानं बंद.

चेंबर १.६३१ च्या जवळ. झाडलेल्या पुंगळ्यांच्या आकड्यावर गेलो असतो तर दोन थाऊंनी फसलो असतो, आणि त्या दोन थाऊंत "अडकणारी" पुंगळी "बसणारी" म्हणून पास झाली असती.

ठरलं: १.६२८ ते १.६२९. यापेक्षा मागं नाही. अडकण्याची भीती म्हणून लोक डाय तळाला लावून आठ-दहा थाऊ मागं नेतात. बसते छान, पण चार-पाच फेऱ्यांत पुंगळी बुडाशी तुटायला लागते.

८ डिसेंबर

डाय लावण्याचा दिवस. दोन तास फोन चालू.

या डायचे आटे इंचाला १४. म्हणजे एक पूर्ण फेरा ७१ थाऊ, आणि ५ अंश फिरवलं की एक थाऊ. "टेकल्यावर अष्टमांश फेरा" असा सल्ला सर्रास देतात, तो अष्टमांश म्हणजे नऊ थाऊ होतो! शेलहोल्डर आडवा येतो म्हणून सगळे नऊ पुंगळीवर जात नाहीत, प्रेसची ओढ काढण्यात जातात, तरीही आकडा माहीत असला पाहिजे.

पुंगळीशिवाय डाय शेलहोल्डरला घट्ट टेकलेली दिसायची. मी म्हटलं, पुंगळी घालून दांडा पूर्ण खाली दाबून धर आणि मागून बॅटरी मार. फट दिसली, उजेडाची बारीक रेघ. भार आल्यावर प्रेस ताणतो आणि डाय वर उचलली जाते. पुंगळी जितकी कडक, फट तितकी मोठी. एकाच सेटिंगमधून वेगवेगळे आकडे यायचं हेही एक कारण.

त्यातही एक गंमत त्यानं स्वतः पकडली. डाय वरून हळूहळू खाली आणताना पहिल्या तीन-चार टप्प्यांत खांदा मागं जाण्याऐवजी पुढं जात होता. १.६३३ ची पुंगळी १.६३५ झाली. "काका, उलटं होतंय!" उलटं नाही. ओल्या मातीचा गोळा मुठीत आवळला की तो बोटांच्या वर निघतो. डाय आधी अंग आवळते, पितळ पुढं सरकतं, आणि डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला भेटल्यावरच ते मागं जायला लागतं. अर्धवट साइझ केलेली पुंगळी मुळापेक्षा वाईट अडकते ती याच कारणानं.

फट बंद होईपर्यंत डाय आणली, मग पाच-पाच अंशांनी. दांडा तळाला नेल्यावर दोन सेकंद थांबायचं, पितळ मागं फुगतं ते थोडं कमी होतं. दहा पुंगळ्या सलग: १.६२८, १.६२८, १.६२९, १.६२८, १.६२९... एकही बाहेर नाही. लॉकनट आवळला आणि आवळताना डाय फिरली नाही ना म्हणून अकरावी मोजली. १.६२८.

नवी स्मॉल-बेस डाय आलीय, तीच लावलीय. फुगलेल्या पाचांपैकी तीन बुडाशी ०.४६९३ वर आल्या. दोन आल्या नाहीत, भंगारात.

१५ डिसेंबर

रेंजवर साठ झाडल्या. एक अडकली. खांदा बरोबर, बूड बरोबर. एकूण लांबी मोजली तर २.०१९ इंच, कमाल २.०१५. साइझिंगमध्ये पितळ पुढं येतं, तोंड लांबतं, ते कापायला तो विसरला होता. लांब तोंड चेंबरच्या टोकाला जाऊन टेकतं. अशी दामटून बसली तर गोळी मानेत चिमटली जाते आणि दाब वाढतो. साइझ झाल्यावर सगळ्या मोजून २.००५ ला कापायच्या, असं वहीत लाल शाईनं लिहिलं.

कॅपचंही सांगून ठेवलं. या जातीच्या रायफलीत फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट आपटला की ती कॅपला हलकी शिवते. कॅप बुडाच्या पातळीच्या खालीच हवी. बोट फिरवून प्रत्येक बघायची, एकही न सोडता.

२२ डिसेंबर

पेठेतल्या तांबटांकडं घरची जुनी घागर ठोकायला दिली होती, ती आणायला गेलो. थोडा वेळ बसलो. पोचा काढताना ते ठोकतात, मग भट्टीत तापवतात, मग परत ठोकतात. विचारलं, मध्येच तापवता कशाला? म्हणाले, "ठोकून पितळ रुसतं, ऐकत नाही. चटका दिला की परत ऐकतं."

पुंगळीचं पितळही तसंच, सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. दर वेळी फुगते, दर वेळी आवळली जाते, कडक होत जाते आणि डायमधून निघाल्यावर जास्त मागं उसळते. म्हणून पाचव्या-सहाव्या वेळी तीच डाय, तीच सेटिंग, तरी खांदा दोन थाऊ लांब राहतो. मान आणि खांद्याला हलकी आच दिली की परत मऊ. पण फक्त मान आणि खांदा. बुडाला आच लागली की ते मऊ पडतं, आणि सगळा दाब पेलायचा असतो बुडालाच. तिथली चूक जिवावर बेतते. पुतण्याला स्पष्ट सांगितलं, जोपर्यंत बूड थंड ठेवायची नीट सोय नाही तोपर्यंत हे करू नकोस, जुन्या पुंगळ्या फेक.

५ जानेवारी २०२५

शंभर झाडल्या. एकही अडकली नाही.

झाडलेल्या पुंगळ्या तपासताना मात्र त्याला एका पुंगळीवर बुडाच्या वर अर्ध्या इंचाच्या आत गोल चकाकती रेघ दिसली. पेपरक्लिपच्या तारेचं टोक वाकवून आतून भिंतीवर वर-खाली फिरवायला सांगितलं. एका जागी तार खटकन अडली, आत खाच पडलेली. ही पुंगळी पुढच्या वेळी तुटली असती. ती पहिल्या लॉटची होती, आम्ही मोजायला लागायच्या आधी तीन-चार वेळा भरलेली. त्या लॉटच्या बेचाळीस होत्या. त्यानं विचारलं, बाकीच्या ठेवू का. मी म्हटलं, तारेनं प्रत्येक बघायला अडीच तास लागतील आणि एक निसटली तर? बेचाळीसही त्यानं पक्कडीनं तोंडं चेपून भंगारात टाकल्या. हळहळला थोडा.

१२ जानेवारी

दुसरी रिंग करून आणली. आठ मिळवायचं लक्षात ठेवायला नको म्हणून. या वेळी लेथजवळ उभा राहिलो आणि पोराला आधीच सांगितलं, या कडेला हात लावायचा नाही. बर राहिली तर? तेलदगडावर तोंड सपाट घासून काढायची, कडेला चॅम्फर नाही. त्यानं तसंच केलं आणि अंगठा फिरवून बघताना कापून घेतला. हळद दाबून लगेच परत कामाला.

शेजारची मुलगी पुढच्या महिन्यात ह्यूस्टनला चालली आहे, तिच्यासोबत पाठवतोय. डबीवर लिहिलंय: बोअर १०.१६, लांबी १२.७०, आधी गो गेज मोज, १.६३० यायला हवं.